कळफलक, जोड एक

देवानं माणसाला मनगटं दोन दिली, यावरून टंकलेखक नावाचा प्राणी पुढे जन्माला येणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असावं, असं मी समजत आलो. एक थकलं तर दुसरं सांभाळून घेईल, अशी ती योजना. माझ्या बाबतीत झालं असं, की उजवं मनगट दुखायला लागलं आणि पंधरा दिवसांत डाव्यानं त्याला जाहीर पाठिंबा दिला.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं वाकवून बघितली, मी दोन वेगवेगळ्या सुरांत ओरडलो, आणि ते म्हणाले, "काका, एक तर कीबोर्ड बदला, नाहीतर खुर्ची."

खुर्ची बदला म्हणे. आमच्या कचेरीत माझी खुर्ची कोणती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी जबाब उतरवून घेतो. कुणाचं गाऱ्हाणं असेल तर तो माणूस माझ्यासमोर बसतो, बोलतो, आणि त्याचं बोलणं मी त्याच्याच शब्दांत टाइप करतो. कीर्तनात बुवा पुढे उभे असतात आणि मागे एक टाळकरी असतो ना, तसं. पद बुवांचं, दुःखही बुवांचं, टाळकऱ्यानं फक्त ताल सोडायचा नाही. एकवीस वर्षं मी हे काम केलं आणि एकदाही कंटाळलो नाही. ते बोलतात, मी ऐकतो, आणि त्याचाच पगार मिळतो. याहून मोठी कृपा मला तरी माहीत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सूचना फलकावर पत्रक लागलं. वरच्या कार्यालयातून तपासनीस येणार, सगळ्या टंकलेखकांचा वेग मोजणार. मिनिटाला पस्तीस शब्द. जो कमी पडेल त्याची रवानगी पाकीट विभागात. पाकीट विभाग तळघरात आहे. तिथं पाकिटं चिकटवतात. पाकिटं बोलत नाहीत.

मुदत तीन आठवडे.

आमची मुलगी संगणकाच्या कंपनीत काम करते. तिला सगळं सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं एका खोक्यातून दुभंगलेला कळफलक काढून टेबलावर ठेवला. दुभंगलेला म्हणजे खरोखरच मधोमध दोन. डावा भाग डाव्या हाताला, उजवा उजव्या, मध्ये एक तार. दोन्ही हात आपापल्या खांद्यासमोर ठेवायचे, म्हणजे मनगट वाकत नाही. तिच्या एका सहकाऱ्यानं वापरलेला होता, त्यानं तो प्रेमानं दिला होता. मात्र त्याच्यावरची टोपणं दिली नव्हती. बटणांवर अक्षरं लिहिलेली जी प्लास्टिकची टोपणं असतात, ती त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली. त्यांच्यात म्हणे त्याचा जीव होता.

त्यामुळे आमच्यासमोर पडला होता तो निव्वळ खुंट्यांचा. नुकतं मुंडण केलेल्या डोक्यासारखा.

"टोपणं काय, मिळतात," मुलगी म्हणाली. "फक्त जुळणारी बघून घ्यावी लागतात, बाबा. मी रविवारी येते तुमच्याबरोबर."

"टोपणं घ्यायला मला सोबत लागत नाही," मी म्हणालो. एकावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडून जितकी संकटं निघतात, त्यातली निम्मी या चालीच्या वाक्यातून निघतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. दवाखाना बंद केल्यापासून त्यांच्या हाताला चैन नाही. जिन्यात कुणी हसलं तरी ते त्याच्या तोंडात डोकावून बघतात. त्यांना ही बातमी कुणी दिली, ते मी सांगत नाही, कारण मला या घरात राहायचं आहे. ते संध्याकाळी खाली आले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि खुंट्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"सगळ्या शाबूत आहेत," ते म्हणाले. "ही वरची ओळ थोडी घासलीय. रात्री दात खात असणार आधीचा मालक."

"डॉक्टर, हा कळफलक आहे."

"ते दिसतंय हो. पण खुंटावर टोपण बसवायचं ना? मग चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? माप घेतल्याशिवाय बाजारात जाल तर फसाल. इथं दोन ओळींमध्ये एका केसाचा फरक पडला की चावताना कळतं."

"मी चावणार नाहीये."

"आधी सगळे असंच म्हणतात."

ते वर गेले आणि एका वाडग्यात गुलाबी लगदा घोटत खाली आले. पुदिन्याचा वास सुटला होता. डाव्या भागाच्या खुंट्यांवर त्यांनी तो लगदा दाबला, हातानं घट्ट धरून ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "हलू नका. दुखलं तर डावा हात वर करा." मी डावा हात वर केला. माझं खरंच दुखत होतं, आत कुठंतरी.

ठसा सुरेख उठला. त्यात ओतून केलेला साचाही सुरेख झाला, पांढराशुभ्र, एखाद्या राक्षसाच्या जबड्यासारखा. फक्त लगद्याचे तुकडे खुंट्यांच्या फटींत अडकून राहिले. पुढचे दोन दिवस आमची ही शिवणाची सुई घेऊन ते उकरत बसली होती. "लग्नात तुम्ही म्हणाला होतात मला कधी कशाची कमी पडू देणार नाही," ती सुईकडे बघत म्हणाली. "कामाची तर नाहीच पडली."

असो. भरकटणारा बुवा मला आवडतो, पण जो भरकटून पुन्हा ध्रुवपदावर येतो तो. तर ध्रुवपद असं, की साचा कापसात गुंडाळून मी दुकानात गेलो.

दुकान संगणकाच्या सुट्या भागांचं होतं. मालक माझ्याच वयाचा, अंगात निळा कोट, मागे भिंतभर खोकी. मी साचा काउंटरवर ठेवला. त्यानं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि फार सभ्यपणे विचारलं, "साहेब, दातांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे. दाखवू का?"

मी खुलासा केला. त्याचा चेहरा उजळला. या विषयात त्याला रस होता, आणि ज्याला रस आहे अशा माणसापुढे अज्ञान कबूल करणं मला कधी जमलेलं नाही.

"खुंटी अधिक चिन्हासारखी आहे ना?"

"आहे."

"छान, म्हणजे बहुतेक सगळी बसतील. उंची कशी हवी? सगळ्या ओळी एकसारख्या, की ओळीगणिक उतार वेगळा?"

मला काहीच कळलं नाही. "ओळीगणिक," मी म्हणालो. भारदस्त वाटलं.

"अक्षरांची मांडणी कुठली वापरता?"

"नेहमीचीच."

"आणि स्पेसचं बटण? दुभंगलेल्याला दोन लहान लागतात. या संचात एकच लांब आहे."

"बघू या," मी म्हणालो. त्या संचावरची अक्षरं इतकी वळणदार होती, की माझं चित्त त्यांच्यातच रमलं होतं. पांढऱ्यावर गडद निळी देवनागरी, जणू पोथीच. दुकानदार म्हणाला, "घेताय खरे, पण जुळतील याची मला खात्री नाही." मी हसलो. वर पहिल्या मजल्यावर साच्याचा कारखाना असताना हा मला जुळण्याबद्दल शिकवत होता.

घरी खोकं उघडलं. स्पेसचं बटण वीतभर लांबीचं निघालं. ते डाव्या भागावर ठेवावं तर बाहेर लोंबे, उजव्यावर ठेवावं तर लोंबे, मध्ये ठेवावं तर खाली टेबल. हिनं ते उचलून चार वेळा फिरवून बघितलं आणि खिडकीची झडप आपटू नये म्हणून फटीत बसवलं. तिथं मात्र ते अगदी मापात बसलं.

बाकीची टोपणं बसली. मी हात ठेवला आणि थबकलो. अक्षरांच्या दोन मांडण्या असतात. एक हल्लीची, आणि एक जुन्या टंकयंत्राची, जिच्यावर माझा हात बसलेला आहे. माझ्या बोटांना जिथं क हवा तिथं भलतंच अक्षर बसलेलं. मी म्हटलं, यात काय, टोपणं सुटी आहेत, उचलून हवी तिथं लावू. दोन तास बसून मी एकेक टोपण माझ्या मांडणीप्रमाणे लावलं. आता क जिथल्या तिथं होता.

आणि तेव्हा मला "ओळीगणिक उतार" याचा अर्थ कळला. वरच्या ओळीची टोपणं उंच आणि पुढे झुकलेली, मधली बसकी, खालची मागे रेललेली. मी सगळी मिसळली होती. एक वर, एक खाली, एक तिरकं. बोटं फिरवली तर खडी टाकून रोलर न फिरवलेला रस्ता. चार ओळी टाइप केल्या तोवर करंगळी दोनदा घसरली आणि मधलं बोट एका कड्यावरून कोसळलं.

दंतवैद्य बघायला आले. ते हळूच चुकचुकले. "तुम्ही दाढा पुढे लावल्यात आणि सुळे मागे," ते म्हणाले. "ठसा चोख होता. बसवणाऱ्यानं घोळ केला."

रविवारी मुलगी आली. तिनं कळफलक पाहिला, खिडकी पाहिली, साचा पाहिला. काही बोलली नाही. तिची ही आईकडून आलेली सवय मला फार लागते. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"बाबा, तुमची मांडणी छापलेली आणि दोन लहान स्पेसवाली टोपणं शोधत बसलो तर महिना जाईल. तुमच्याकडे आठ दिवस आहेत. एक सोपा रस्ता आहे. सगळ्या ओळींना सारखी उंची, दोन लहान स्पेस, आणि वर काहीच छापलेलं नाही."

"काहीच नाही?"

"कोरी. कुठलंही टोपण कुठेही बसतं. आणि तुम्ही न बघताच टाइप करता ना? लहानपणापासून ऐकतेय मी."

मी ते सांगत आलो होतो, हे खरं आहे. पाहुण्यांना, जावयाच्या वडिलांना, एकदा तर बसस्टॉपवर अनोळखी माणसालाही.

मुलगी कोरी टोपणं घेऊन आली. करडी, गुळगुळीत, सगळी सारखी. ही पेपर वाचायला बसली आणि मी टाइप करायला. पहिल्याच ओळीत तिनं वाचलं एक आणि उमटलं भलतंच. जोडाक्षर आलं की माझी मान आपोआप खाली जायची आणि खाली नुसता करडा समुद्र.

"म्हणजे तुम्ही बघत होता," मुलगी म्हणाली. "एकवीस वर्षं."

"बघत नव्हतो. लक्ष ठेवत होतो."

"कशावर?"

"अक्षरांवर. ती जागेवर आहेत की नाहीत."

हिनं पेपर तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता. पण पुढचे सहा दिवस तिनं मला सकाळ-संध्याकाळ मजकूर वाचून दाखवला, भाव न खाता, लग्नाच्या जाहिरातींपासून हवामानापर्यंत. मनगटं शांत झाली होती. वेग मात्र तेवीसच्या पुढे सरकेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कळफलक कचेरीत नेला. बाहेरची वस्तू आत आणायची तर भांडारात नोंद करावी लागते. आमचे भांडारपाल देवमाणूस आहेत, पण त्यांचा देव नोंदवही आहे.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"कळफलक."

"यातला कोणता?"

"दोन्ही मिळून."

त्यांनी पेन ठेवलं. "एका खुर्चीला एकच मंजूर आहे. दोन कसे नेता येतील?"

"अहो, हा एकच आहे. मध्ये तार आहे बघा."

"एक आहे?" ते पुढे झुकले. "मग तो मोडलाय. मोडकी वस्तू आत नेता येत नाही. ती निर्लेखनाला, म्हणजे मोडीत काढायला, पाठवावी लागते."

"मोडलेला नाही. तो जन्मतःच असा आहे."

"मोडक्या वस्तूंबद्दल सगळे असंच सांगतात. मागे एकानं तीन पायांचं टेबल आणलं होतं." ते बोलत होते ते अजिबात वाईट बुद्धीनं नव्हे. त्यांना माझी मदतच करायची होती. "एक सांगतो. डावा आज नोंदवतो. उजव्यासाठी मागणीपत्र भरा. दीड महिन्यात होईल."

दीड महिना मी डाव्या अर्ध्या वर्णमालेत लोकांचे जबाब घेणार होतो. ज्याच्या गाऱ्हाण्यात उजवीकडची अक्षरं असतील त्यानं नंतर यावं.

मी डोकं धरून खाली बघत बसलो. खाली त्यांचे बूट होते. मी विचारलं, "साहेब, शिपायांना बूट देता तेव्हा दोन नग लिहिता का हो?"

"छे. जोड. जोड एक."

"एका माणसाला?"

"एकच जोड." ते थांबले. नोंदवहीचं पान हळूहळू उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी फक्त चांगल्या निरूपणाच्या वेळी श्रोत्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्यांनी पादत्राणांच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: कळफलक, जोड एक. पुढच्या रकान्यात माप विचारलं होतं. त्यांनी वीत लावून पाहिली आणि लिहिलं, मोठं.

"वर्षभरात झिजला तर बदलून मिळेल," सही घेताना ते म्हणाले, आणि नियमाप्रमाणे काळ्या पॉलिशची एक डबी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. शांत, नेटक्या, हातात थांबघड्याळ आणि छापील उतारा. माझ्या आधी तिघे झाले. एकेचाळीस, अडतीस, छत्तीस. अकराला माझा नंबर. मी दोन्ही भाग मांडले, देवाचं नाव घेतलं, आणि समोरच्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"आजी, जरा बाहेर थांबता का? इथं परीक्षा चाललीय," बाई म्हणाल्या.

"मला अकराची वेळ दिलीय," आजी म्हणाल्या. "तीनदा येऊन गेले मी. पहिल्यांदा खिडकी बंद होती, मग दोनदा त्या पलीकडच्यानं 'यंत्राचा आवाज' एवढं लिहिलं आणि जा म्हणाला. आज मी उठायची नाही."

बाईंनी आजींकडे पाहिलं, मग उताऱ्याकडे, मग घड्याळाकडे. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जबाबच घ्यायचाय ना यांना? हाच मोजते." आणि खटका दाबला.

छापील उतारा एका चालीनं येतो. माणूस तसा येत नाही.

आजी बोलू लागल्या. त्यांच्या घराखाली दुकान आहे. दुकानदारानं माल थंड ठेवायचं मोठं यंत्र बसवलंय, बरोबर त्यांच्या पलंगाच्या भिंतीखाली. चार महिने झाले. भिंत थरथरते. मी खाली कोऱ्या टोपणांकडे बघत अक्षरं शोधत होतो. पहिल्या ओळीत तीन चुका, दुसरीत दोन. पाकीट विभागातला डिंकाचा वास मला वरपर्यंत यायला लागला.

"भिंतीवर ह्यांचा फोटो होता," आजी म्हणाल्या, आणि थांबल्या.

मी मान वर केली.

"थरथरून दोनदा पडला. काच फुटली. मग मी तो खुर्चीवर ठेवला, जेवायच्या टेबलापाशी. आता जेवताना समोर असतात." त्या पुन्हा थांबल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "ते एक बरं झालं."

मग त्या बोलत राहिल्या आणि मी बघत राहिलो. दुकानदाराशी काय बोलणं झालं, तो काय म्हणाला, त्याची बायको मात्र चांगली आहे, हे सगळं. त्या थांबल्या की मीही थांबायचो. मध्येच त्या एकदम बाईंकडे वळल्या.

"अहो बाई, मी इतकं सांगतेय आणि हे नुसते माझ्या तोंडाकडे बघतायत. लिहायचं सोडून मघापासून टेबल थोपटतायत. त्या बटणांवर तर अक्षरंसुद्धा नाहीत. यांना अक्षरांची तरी बटणं द्या."

बाईंनी घड्याळ थांबवलं. हिशेब केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिनिटाला एकोणीस."

पस्तीस लागतात. मनातल्या मनात मी खुर्चीचा निरोप घेत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला माझी दया आली नाही. वाटलं, यांचं तेवढं पुरतं ऐकून झालं असतं तर बरं होतं.

छापील कागद यंत्रातून बाहेर आला. बाईंनी तो घेतला आणि नियमाप्रमाणे आजींना वाचून दाखवू लागल्या. पहिल्या दोन ओळींत त्या चुकांवर अडखळल्या, पेनानं खुणा केल्या. तिसऱ्या ओळीपासून खूण करायला चूक सापडेना, पेन थांबलं. आवाज मात्र चालू राहिला. आजी मान खाली घालून ऐकत होत्या, ओठांनी शब्द शब्द जुळवत.

"'आता जेवताना समोर असतात,'" बाईंनी वाचलं. "'ते एक बरं झालं.'"

"हेसुद्धा लिहिलंत?" आजींनी मला विचारलं.

"तुम्ही म्हणालात."

"म्हणाले खरी." त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. मग आजींना विचारलं, "यात काही राहिलं का? तुम्ही बोललात आणि यात आलं नाही, असं?"

"नाही. माझं मीच बोलतेय असं वाटलं."

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. परीक्षेचा तक्ता पुढे ओढला. वेगाच्या रकान्यात तिघांचे तीन आकडे होते. माझ्या नावापुढे त्यांनी आकडा लिहिला नाही. सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "बोलणाऱ्याइतका." आणि शेऱ्यात, "याच खुर्चीवर ठेवावे."

बाईंनी सही केली, घड्याळ आपल्या पिशवीत टाकलं.

"झालं का तुमचं?" आजींनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

आजींनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि माझ्याकडे बघत नीट सावरून बसल्या.

"मग लिहा. यंत्राचं संपलं. आता जिन्याचं सांगते."